डाव्या हाताचा पाहुणा

हे तुम्ही कुणी खरं मानणार नाही, आणि माना असा माझा आग्रहही नाही. पण हेलसिंकीला आमच्या बंगल्यावर एक मेजवानी अशी झाली, की पाहुणे जेवायला बसले तेव्हा बाहेर बर्फ होता आणि उठले तेव्हा बागेत ट्यूलिप फुलले होते.

"झालं याचं सुरू," गुनवोर म्हणाली. ही आमची स्वीडनमधल्या बेटावरची शेजारीण. ऑगस्टची दुपार होती. धक्क्यावर टेबल मांडलं होतं, शेपूत उकडलेल्या शेवंडांचा ढीग होता आणि सगळ्यांच्या डोक्यावर दरसालच्या कागदी टोप्या होत्या. तिची टोपी घसरून कानावर आली होती. "मेल्या, गेल्या वर्षी तर दोनच दिवस म्हणाला होतास!"

"तेव्हा तू पेंगत होतीस, बये. पुढचे दिवस तुला ऐकू आले नाहीत."

समोर माझा नवरा तोर्ग्नी बसला होता, स्वीडनचा निवृत्त राजदूत. एखादा तह वाचावा तशी तो नांगी सोलत होता. बोलणं त्याला जन्मभर जड गेलं. तसे आम्ही पुष्कळ देश हिंडलो. एका देशात मी त्याचा मावसभाऊ होतो, दुसऱ्यात जुना मित्र, आणि एका ठिकाणी तर बंगल्याची डागडुजी करायला आणलेला सुतार. सुतार मी आहेच म्हणा, होड्या बांधतो. हेलसिंकीला जाताना मात्र त्यानं सरकारला सरळ कळवलं, की सोबत माझा नवरा सिक्स्टेन येतोय. कळवलं खरं, पण चारचौघांत तो शब्द त्याच्या तोंडून काही फुटेना. म्हणून मेजवानीच्या सकाळी मी बॅग भरून दाराशी ठेवली. म्हटलं, "तोर्ग्नी, आज रात्री मी पुन्हा मावसभाऊ झालो, तर उद्याच्या बोटीनं मी आपल्या बेटावर. तू कर खुशाल राजदूतगिरी."

तो नुसता बॅगेकडे बघत राहिला.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरधनिणीच्या डाव्या हाताला बसेल त्या पाहुण्यानं जेवण झालं की उठून तिचे आभार मानायचे. तो उठेपर्यंत कुणी खुर्ची सोडायची नाही. फिनलंडातही हेच. पण आमच्या घरात घरधनीण कोण? टेबलाच्या एका टोकाला तोर्ग्नी, दुसऱ्या टोकाला मी. त्याच्या डाव्या हाताला एक बिशप आणि माझ्या डाव्या हाताला साराकिवी. हा साराकिवी म्हणजे राजशिष्टाचार खात्यात केस पिकलेला म्हातारा. स्वतःच्या तिरडीलासुद्धा विचारेल, खांदेकरी हुद्द्याप्रमाणे लागलेत ना?

जेवण संपलं. साराकिवीच्या मनात आलं, मी उठलो तर हा होडीवाला घरचा धनी ठरतो. त्यापेक्षा बिशप उठू दे. बिशपाच्या मनात आलं, राजदूत काही घरधनीण नव्हे. साराकिवी उठू दे. दोघे मेणबत्त्यांवरून एकमेकांकडे बघत बसले. उठेना कुणीच.

"मग?" गुनवोरनं विचारलं.

"मग काय? मेणबत्त्या संपल्या, नव्या लावल्या. सकाळी तिथंच हेरिंग मासे वाढले. पोस्टमन टपाल टेबलावर देऊन जायचा. एक एल्क हरीण खिडकीतून तोंड घालून मधली फुलं खाऊन गेलं, तरी कुणी हललं नाही. बिशपाची दाढी सूपमध्ये बुडायला लागली. आमचा सचिव आणि डॅनिश वकिलातीतली एक बाई पुडिंगवर प्रेमात पडले, कॉफीवर भांडले आणि दुसऱ्या कॉफीवर त्यांचं लग्न ठरलं."

"आणि लघवीला?"

"मुत्सद्दी माणसं ती, गुनवोर. त्यांना त्याचं शिक्षण असतं."

गुनवोर इतकी हसली की तिची टोपी समुद्रात गेली. तोर्ग्नी गालात हसला, पण मान खालीच. मी त्याच्याकडे मुद्दाम न बघता ग्लास भरला.

"माझी बॅग तशीच दाराशी. मी मनात म्हटलं, सिक्स्टेन, गाठ आता बोट. आणि तेवढ्यात काय झालं! साराकिवी उठला. हो, तोच म्हातारा! ग्लास उचलून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, 'महाशय, या घराचे धनी...'"

तोर्ग्नीनं नांगी ताटात आपटली आणि ताडकन उभा राहिला. त्याचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"खोटं! साफ खोटं! साराकिवी जागचा हललासुद्धा नाही. उठलो होतो मी! यजमान असून, आपल्याच टेबलावर, सगळी रीत मोडून! आणि सगळ्यांसमोर म्हणालो होतो, हे घर माझ्या नवऱ्याचं आहे, अन्न त्यानं घातलंय, आणि त्याचे आभार मानायला तुमच्यातला कुणी उठत नसेल, तर मी मानतो!"