कण्हेरीची सावली

अध्यक्षीणबाई, माझं गिनीपिग तुम्ही मारलंत. उन्हानं ते मेलं नाही. तुमच्या लाडक्या कण्हेरीनं मेलं.

मराठी समाजाच्या सभेत तुम्ही म्हणालात, "वसुमतीबाई जळतात, म्हणून बोलतात." जळते मी. कल्पनाच्या पुणेरी मराठीवर जळते, तिला तुम्ही शेजारी बसवून घेता त्यावर जळते. माझ्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, तरी मी "थोडं थांबा"च्या जागी कन्नड वळणानं "स्वल्प थांबा" म्हटलं की तुमच्या बायका तोंडाला पदर लावतात. कल्पना परवा-परवा नवऱ्याच्या नोकरीपायी इथं बंगळूरात, मल्लेश्वरमला आली आणि तुम्ही समाजाच्या बालवाडीची बाग तिच्या हातात दिलीत. पण जळणाऱ्या बाईला दिसतं ते खोटंच असतं का?

जनावरं माझी होती. शेजारचे दातांचे डॉक्टर विलायतेला परत गेले, तेव्हा जोडी माझ्याकडे ठेवून गेले. पिलावळ मी वाढवली. पोरांना बघायला मिळावी म्हणून बालवाडीला मीच दिली. जाळीच्या कुंपणात त्यांना सावली हवी, म्हणून बाहेरून तुती लावली, जास्वंद लावली. पाला खाल्ला तरी बाधणार नाही अशी झाडं. रस्त्यावरच्या गाईंनी दुपारच्या दुपारी फस्त केली. पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली.

मग कल्पनानं मोठ्या कुंड्यांतली कण्हेर आणून रोवली. गुलाबी, भरगच्च. गाईंनी हुंगली आणि पुढं गेल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

"बघा वसुअक्का," कल्पना म्हणाली, "गाईसुद्धा तोंड लावत नाहीत. किती सोयीचं!"

"का लावत नाहीत, विचारलंस का गाईला?"

"अय्या, तुम्हीच विचारा. तुमचं कन्नड चांगलं आहे."

सगळ्या हसल्या. तुमचा आवाज सगळ्यांच्या वर.

"अगं, विष आहे ते," मी म्हटलं. "गाय मोकळी, ती निघून जाते. ही जाळीत कोंडलेली. पान वाळून आत पडलं की कडूही लागत नाही त्यांना. विष मात्र राहतंच."

तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "महादेवाला रोज वाहतो आपण ही फुलं. देवाला चालतात आणि तुमच्या उंदरांना चालत नाहीत?"

"महादेवाला धोत्राही चालतो, बाई. चटणी करून वाढू तुम्हाला?"

आता कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाला कुलूप, आणि किल्ली फक्त कल्पनाकडे.

काल तीच माझ्या दारात आली. टॉवेलात तपकिरी कानांची मादी, ताठ झालेली. कल्पना हुंदके देत होती. रडतानाही बया देखणी दिसते, तेवढ्यातही मनात आलंच माझ्या.

"बाई म्हणतात, ऊन लागलं," ती म्हणाली.

"एवढ्या दाट सावलीत?"

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "तिच्यापाशी कुरतडलेली पानं होती, अक्का. मी म्हटलं बाईंना, आजच काढून टाकू. त्या म्हणाल्या, बागांच्या स्पर्धेचे परीक्षक येऊन जाईपर्यंत एका फांदीला हात लावायचा नाही."

म्हणजे चूक कबूल करायलाही तीच आधी पोचली. तेवढंही माझ्या वाट्याला आलं नाही. पण खरं बोलली पोरगी, आणि जाताना किल्ली माझ्या ओट्यावर ठेवून गेली.

बाकीची जनावरं अजून त्याच जाळीत आहेत. तुमचे परीक्षक शनिवारी येणार. बक्षीस घ्या, कपाटात ठेवा, माझी हरकत नाही. मी आता फाटकाशी उभी आहे आणि माझ्या हातात कुदळ आहे. देवाचं नाव सांगू नका, परीक्षकांचं सांगू नका, मी जळते हे तर मुळीच सांगू नका. कण्हेर मुळासकट तुम्ही उपटून टाकणार, की मी टाकू? बोला.