बशीतलं लिंबू

अगं स्नेहलता, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! नागपंचमी उद्यावर आलेली आणि बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा घालतानासुद्धा कळ.

बाबा रेल्वेच्या केबिनमध्ये, दिवसभर सिग्नलचे लिव्हर ओढायचे. शिवाय लक्ष्मी गेटजवळच्या आखाड्याचे वस्ताद. तिथला रिवाज असा, की नागपंचमीला सगळ्यात जड लाकडी मुद्गलांची जोडी आधी वस्तादानं फिरवायची, मग बाकीच्यांनी.

मी फिजिओथेरपी शिकतेय ना, बशीत लिंबू ठेवून दाखवलं. "बाबा, खांदा असा असतो. बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. पण लिंबू घसरतंही लगेच. त्याला चार लहान स्नायू धरून ठेवतात, तेच दुखावलेत. उद्या फाटले तर लिव्हर कसा ओढाल?"

"बकुळ, तू जन्मायच्या आधीपासून फिरवतोय मी. दोन हात मारले की अंग गरम होतं."

"आधी अंग गरम करायचं, मग जोडी! तुम्ही उलटं करता. शिवाय खांदे कानापर्यंत चढवता, आत चिमटा बसतो."

त्यांनी लिंबू उचलून माझ्या हातात दिलं. "सरबत कर."

दुसऱ्या दिवशी आखाडा गच्च. मी दारात उभी. बाबांनी जड जोडीला नमस्कार केला. मग ते वळले न् कोपऱ्यातली पोरांची हलकी जोडी उचलली! खाली ठेवली, आधी रिकामे हात सावकाश फिरवले, खांदे सैल सोडले. मग जोडी, तीसुद्धा छातीच्या वर नाही.

"का हो गओ, वस्ताद? बच्चन की जोड़ी?" मधुसूदन पहलवान त्यांच्या बोलीत म्हणाले.

"कंधा दुखता है, भैया. नौकरी भी इसी से है."

वाटलं, आता हसणार सगळे. तर मधुसूदनजी आपलाच खांदा चोळायला लागले. "हमाओ सोई पिरात है. कौनऊँ से कही नइयाँ." म्हणजे त्यांचाही दुखतो, कुणाला सांगितलं नव्हतं! मग दुसरा बोलला, मग तिसरा. अगं, एवढाले पहलवान, सगळे लपवत होते! मला इतकं हुश्श झालं, हसूच फुटलं.

बाबा ओरडले, "बकुळ, लिंबू आण! बशीपण! यांनाही दाखव."

निघताना त्यांनी जड जोडीवरची माती गमछ्यानं पुसली आणि ती भिंतीला नीट टेकवून ठेवली. डाव्या हातानं.

खरं सांग, एवढ्या लोकांसमोर तू कुठली उचलली असतीस?