साडेअठरा किलो

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी तोलतात तो नव्हे, ज्याच्यावर माणसे उभी राहतात तो. पायाखाली काळे रबर, समोर गोल काच आणि काचेआड आकडे, एवढाच माझा संसार. मला तोंड नाही. जे काही सांगायचे ते एका तांबड्या सुईने सांगायचे. मित्रांनो, एकदा याच सुईने मी जिवाच्या आकांताने खरे सांगितले आणि मलाच खोटा ठरवून अडगळीत टाकले. तो धक्का मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसे आठवत नाही. माझी खरी ओळख सुरू होते ती रायपूरच्या रेल्वे दवाखान्यात. तिथे गुलाबराव नावाचे कंपाउंडर होते, मूळचे वर्ध्याकडचे. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि खालचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणत. सतरा वर्षे हा नेम चुकला नाही. पुढे दवाखान्यात नवा, उंचीही मोजणारा काटा आला. गुलाबरावांनी मला सायकलच्या कॅरियरला बांधले आणि बूढ़ापारा वस्तीतल्या मराठी शाळेत नेऊन दिले. "पोट्ट्यांची वजनं करत जा," एवढेच ते म्हणाले.

शाळा लहान होती, चौथीपर्यंतची. मुले बहुतेक रेल्वेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांची. ती घरी मराठी बोलत, खेळताना हिंदी आणि भांडताना दोन्ही. मला व्हरांड्यात, पिण्याच्या माठाजवळ जागा मिळाली. जुलैत एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा सगळ्या मुलांचे वजन होई आणि ते ज्याच्या त्याच्या तब्येतीच्या कार्डावर लिहिले जाई. त्या दोन दिवसांत माझा थाट काय वर्णावा! पोरे रांग मोडून धावत, दोघे दोघे एकदम चढत, कोणी पोट आत ओढून घेई. उरलेले वर्षभर मात्र माझ्यावर रद्दीचे गठ्ठे तोलले जात. एकदा चेंडू लागून माझ्या काचेला तडा गेला. तो कोणी दुरुस्त केला नाही. असो, त्याचेही मला फारसे वाईट वाटले नाही.

मग सन दोन हजारचा शरद आला. पाऊस ओसरला, सकाळी माझे लोखंड गार लागू लागले. शहरात मात्र नुसती धांदल होती. एक नोव्हेंबरला नवे राज्य होणार होते आणि आमचे रायपूर त्याची राजधानी! रस्त्यावर रंगाचे डबे, नव्या पाट्या, साहेबांच्या गाड्या. शाळेलाही समूहगीत आणि प्रभातफेरी बसवायची होती. तालमींपुढे पाढे मागे पडले.

तिसरीत देवश्री नावाची मुलगी होती. वय आठ, दोन घट्ट वेण्या. वडील रेल्वेत, आई इंदू घरीच असे. जुलैत ती माझ्यावर उभी राहिली तेव्हा तेवीस किलो भरली होती आणि उतरताना उडी मारून पळाली होती. गणपती झाले आणि ती सारखी माठाकडे येऊ लागली. एक पेला, दुसरा, तिसरा. घटकाभरात पुन्हा. मी माठाशेजारीच होतो, माझ्यासमोरच सारे चालले होते.

शाळेच्या आयाबाई मीराबाई माठ भरत. त्या एकदा म्हणाल्या, "काहून गं पोरी, आत्ताच तर दोन गिलास पेली ना?"

"मावशी, प्यास बुझतच नाही," देवश्री म्हणाली आणि ओठ पुसत लघवीला पळाली.

तिच्या वर्गशिक्षिका सरिता दीदी. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग आणि वर समूहगीत, हे सगळे त्यांच्याच अंगावर होते. "देवश्री, परत बाहेर? अभ्यास टाळायचे बहाणे बरे सुचतात तुला," असे म्हणून त्यांनी तिला दोनदा बाकावर उभे केले. तालमीत ती मध्येच खाली बसे. मुलांनी तिचे नाव 'मटकी', म्हणजे छोटा माठ, असे ठेवले. पहिल्यांदा तीही त्यांच्याबरोबर हसली. पुढे हसेनाशी झाली.

दसऱ्याच्या सुटीआधी शाळेत पूजा झाली. घंटेला, शिलाई मशीनला आणि मलाही हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल मिळाले. सरिता दीदींनी मुलांना सांगितले, "ज्यानं तुमच्यासाठी काही केलं असेल त्याला सोनं द्या, आणि का देता तेही सांगा." कोणी बाईंना दिले, कोणी मित्राला. देवश्रीने आपले आपट्याचे पान मीराबाईंना दिले. "तुम्ही मले पाणी देता, रागवत नाही, म्हणून." सगळा वर्ग हसला. मीराबाई हसल्या नाहीत. त्या तिच्या मनगटाकडे बघत राहिल्या. बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी, बुधवारी, वजने सुरू झाली. सरिता दीदी कार्डे घेऊन स्टुलावर बसल्या. मीराबाई एकेका मुलाला माझ्यावर उभे करीत होत्या. सात-आठ मुले झाली. मग देवश्री आली.

ती माझ्यावर चढली आणि मला वाटले, हिने एकच पाय ठेवला आहे. नाही, दोन्ही पाय होते. सुई वीसच्याही अलीकडे थांबली. साडेअठरा! मित्रांनो, माझ्या स्प्रिंगला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता. वाढत्या वयाची मुले मी हजारोंनी पाहिली होती. कोणी एक किलो वाढते, कोणी दोन. तीन महिन्यांत साडेचार किलो कमी झालेले मूल मी कधीच पाहिले नव्हते.

"असं कसं? जुलैत तेवीस आहे इथे," सरिता दीदी म्हणाल्या. "उतर. परत चढ."

ती उतरली, पुन्हा चढली. साडेअठरा.

तेवढ्यात मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक नीलकंठ सर, तिथून चालले होते. त्यांनी पेनने माझ्या काचेवर टकटक केले. "काच फुटली तेव्हापासून बिघडला असेल हा. तेवीस होती ना? मग साडेतेवीस लिहा. बाकीच्यांचंही अंदाजानं भरून टाका. आणि हा डबा मागच्या खोलीत ठेवा, उद्या-परवा साहेब लोक शाळा बघायला येणार आहेत."

"सर, बाकीच्या पोट्ट्यांचं तर बराबर दाखवून राहिला," मीराबाई म्हणाल्या. "या एकाच पोट्टीच्या वक्ताले काहून बिघडन?"

"मीराबाई, तुम्ही माठ भरा."

सरिता दीदींनी पेनचे टोपण काढले. मग त्यांनी लिहिले, २३.५. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात. मी ओरडू शकत नव्हतो. देवश्री माझ्यावरून उतरली तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला. तो कोणी पाहिला नाही.

मागच्या खोलीत फाटके नकाशे आणि मोडकी बाके होती. मला उलटे ठेवले होते. बाहेर 'नया राज्य, नई सुबह' अशा घोषणांचा सराव चालला होता. मी सुन्न होऊन पडलो होतो. एक आकडा, फक्त एक आकडा मला सांगता येतो, आणि तोच कोणाला नको होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर दार उघडले. मीराबाई आत आल्या. त्यांच्या पदरात काहीतरी जड होते. समोरच्या किराणा दुकानातली लोखंडी वजने त्या मागून घेऊन आल्या होत्या. मला सुलटे करून त्यांनी जमिनीवर बसवले आणि म्हणाल्या, "आता खरं सांग रे बावा."

त्यांनी दहाचे वजन ठेवले. मग पाचाचे, दोनाचे, एकाचे. शेवटी अर्ध्या किलोचे. माझी सुई हलली, डुलली आणि जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. साडेअठरा.

"अगं माय वो!" मीराबाई ओरडल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांनी वजनांसकट मला दोन्ही हातांनी उचलले आणि तशाच मोठ्या सरांच्या खोलीत शिरल्या. मला त्यांनी सरांच्या टेबलावर, कागदांवरच आदळले.

"हा बिघडला नाही सर. पोट्टी बिघडली आहे."

नीलकंठ सरांनी वजने पाहिली, सुई पाहिली. त्यांनी वजने काढून एकेक करून स्वतः पुन्हा ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी अगदी जवळून पाहिला. ते काही बोलणार तोच तिसरीतून आरडाओरडा ऐकू आला. "दीदी! देवश्री को उल्टी हो गई! उठत नाही ती!"

सगळे धावले. मी टेबलावर एकटाच राहिलो.

पुढचे मला मीराबाईंकडून कळले. त्या झाडताना वस्तूंशी बोलतात, हे माझे भाग्य. देवश्री बाकाखाली पडली होती, भराभर श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला फार पिकलेल्या केळ्यासारखा वास येत होता. सर तिच्या आईला आणायला गेले. सरिता दीदी आणि मीराबाईंनी तिला ऑटोत घालून समता कॉलनीतल्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आधी तिचे वजन केले आणि मग सरिता दीदींनी बरोबर आणलेले तब्येतीचे कार्ड पाहिले.

"यावर कालची तारीख आहे. वजन साडेतेवीस," ते म्हणाले. "आज साडेअठरा. एका रात्रीत पाच किलो कुठे गेले, मॅडम?"

मीराबाई मला सांगत होत्या, "मी सरिता दीदीचं तोंड पाहू शकली नाही रे. कागदासारखी पांढरी पडली होती."

बोटातून रक्ताचा थेंब काढला. रक्तात साखर इतकी होती की डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. लहान मुलांनाही मधुमेह होतो, हे त्या दिवशी आमच्या शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. अंग आतून सुकत जाते, म्हणून तहान. पाणी थांबत नाही, म्हणून सारखी लघवी. खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून वजन उतरते आणि थकवा येतो. बहाणा नव्हता, आळस नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तिला लगेच मोठ्या इस्पितळात पाठवले. "आणखी एक दिवस गेला असता तर..." एवढेच ते म्हणाले.

इस्पितळाच्या बाकावर इंदूताई कपाळावर हात मारून घेत होत्या. "रात्री बिछाना ओला करे ती. एवढी मोठी पोट्टी होऊन असं करते म्हणून मी मारलं वो तिले. शाळेत कोणाले सांगू नको म्हटलं, लोक हसतील."

"मी तिला बाकावर उभं केलं," सरिता दीदी म्हणाल्या. "आणि खोटं वजन लिहिलं."

मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

तीन दिवस देवश्री शुद्धीत-बेशुद्धीत होती. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडून विचारले, "माझी तालीम चुकली?" दिवाळी तिने इस्पितळाच्या खिडकीतून पाहिली. नवे राज्य झाले, गावभर फटाके वाजले, शाळेची फेरीही निघाली. फेरीत तिसरीच्या रांगेत एक जागा मुलांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती.

इकडे मला व्हरांड्यात परत आणले. सरिता दीदींनी तिसरीची सगळी कार्डे काढली, सर्वांना पुन्हा माझ्यावर उभे केले आणि अंदाजाचा एकेक आकडा लाल शाईने खोडला. देवश्रीच्या कार्डावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, '१८.५. आधीची नोंद खोटी होती.' खाली सही केली.

नोव्हेंबरच्या मध्यावर देवश्री आली. आता तिला रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावे लागणार होते, जन्मभर. इंजेक्शनने कधी साखर फार उतरून तिचा हात थरथरला तर लगेच द्यायला मीराबाईंच्या पदराला साखरेची पुडी असे. प्रार्थना झाल्यावर नीलकंठ सर पुढे आले. सर्व मुलांसमोर ते म्हणाले, "देवश्री, तू पाणी मागत होतीस आणि आम्ही तुला नावं ठेवली. काट्यानं खरं सांगितलं तर त्यालाच खोटं पाडलं. चूक माझी आहे. मला माफ कर, बेटा."

मोठे सर चुकतात आणि तसे म्हणतात, याचाच मुलांना सगळ्यात मोठा धक्का बसला होता. देवश्री गोंधळली. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "हव सर." मग जिने तिला सर्वांत आधी 'मटकी' म्हटले होते ती पिंकी पुढे आली. "सुई दुखते का गं?"

"दुखते. पर मग खेळता येते ना."

पिंकीला रडू आले. त्या दिवसापासून तिसरीत पाणी प्यायला आणि लघवीला जाताना कोणाची परवानगी लागत नसे.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. शाळेत आकडे चमकणारे नवे यंत्र आले आहे, तेही चांगले काम करते. मला लवकरच भंगारवाला नेईल. जाण्याआधी तुमच्यापाशी माझे एकच मागणे आहे. मित्रांनो, लहान मुले आपले दुखणे शब्दांत सांगत नाहीत. ती पुन्हा पुन्हा पाणी मागतात, बाकावर डोके टेकतात, खेळ सोडून कडेला बसतात. तुमच्या वर्गात असे कोणी असेल तर त्याला नाव ठेवू नका. त्याच्याजवळ बसा, आणि घरच्यांना, बाईंना, सरांना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. लाजू नका, थांबू नका. देवश्रीच्या हातात एकच दिवस उरला होता.