मान सगळ्यात शेवटी

साहेब, खोटं तुमच्या ऑफिसानं लिहिलं आणि भोगतोय दुसराच. तेव्हा खुर्चीत तुम्ही नव्हतात म्हणाल. खुर्ची तीच आहे.

मी शवागारात सुरी चालवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. कागदावर मी नुसता मदतनीस. मुडदा डॉक्टरांनी फाडायचा. प्रत्यक्षात फाडतो मी, डॉक्टर दोन हात लांब उभे राहून बघतात आणि लिहितात. मला कुणी शिकवलं नाही. माझ्या आधीचा माणूस हनुवटीखाली सुरी लावून सरळ खाली यायचा, म्हणून मीही तसंच करायचो. हात इतका बसला होता की मोठे डॉक्टर मला वस्ताद म्हणायचे. मीही फुगायचो.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. "काका, मान सगळ्यात शेवटी." आधी डोकं उघडायचं, मग छाती रिकामी करायची, मानेतलं रक्त उतरू द्यायचं. भरल्या मानेत सुरी घातली की रक्त आतल्या मांसात झिरपतं आणि गळा दाबल्यासारखे डाग दिसतात. हे नवीन निघालंय का, मी विचारलं. नवीन कसलं, त्या म्हणाल्या, दरवर्षीच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी हेच तर शिकवतात.

सहा वर्षांपूर्वीची एक बाई आठवली, एका शिंप्याची बायको. न्हाणीघरात पडलेली सापडली. तिला फिट यायची, असं नवरा भेटेल त्याला सांगत होता. मानेवर बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. मी नेहमीसारखी आधी मान उघडली, आत डाग दिसले, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं, गळा दाबून मृत्यू. शिंप्याला जन्मठेप झाली.

मोठे डॉक्टर आता निवृत्त झालेत. त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, प्रशिक्षणाला त्यांना कधी सोडलंच नाही. तुम्ही गेलात तर मुडदे काय मी फाडू, असं तुमच्या खुर्चीतले तेव्हाचे साहेब म्हणायचे. हजेरीवर सह्या ऑफिसातच घेतल्या, प्रमाणपत्र टपालानं आलं. शिकून काय करायचंय, माझ्याकडे वस्ताद आहे, असं डॉक्टरही हसून सांगायचे.

"वस्तादाला कुणी शिकवलं, हे मी विचारलंच नाही रे."

कोर्टात सांगाल का, मी विचारलं. ते उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

म्हणून फेरतपासणी करा, असा मी तुम्हाला अर्ज केला. त्या बाईच्या मानेचे तुकडे पुराव्यासाठी ठेवलेली बरणी जागा नाही म्हणून कधीच फेकली गेली होती. तुमचं उत्तर आलं : संबंधित डॉक्टरांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कार्यालयात उपलब्ध आहे, सबब फेरतपासणीची आवश्यकता दिसत नाही. सोबत प्रमाणपत्राची नक्कल.

शिंप्याच्या आईला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. शिंप्याची मुलगी तिच्याजवळच असते. बापाचं पत्र आलं की न फोडता कचऱ्यात टाकते. त्या पोरीला काय सांगू, एवढंच म्हातारीला कळेना.

"भाऊ, म्हणजे माझ्या पोरानं केलं नाही ना?"

मला नाही म्हणता येईना, हो म्हणता येईना. डाग त्याच्या बोटांचे की माझ्या सुरीचे, हे आता कुणालाच कळणार नाही. माझ्या हातांनी ते पुसलं गेलं. ते माझं मी भोगीन.

पण साहेब, तुमची नक्कल मी नीट वाचली. तिच्यावर पाच दिवसांच्या तारखा आहेत. तिसरी तारीख त्या बाईच्या अहवालावर आहे. डॉक्टर तेच, तारीख तीच. एका कागदानुसार ते शंभर कोस लांब मान कशी उघडायची ते शिकत होते. दुसऱ्यानुसार माझ्या टेबलाशी उभे होते. यातला एक कागद खोटा आहे, आणि दोन्ही खरे मानून तुम्ही माणूस आत ठेवलाय.

म्हातारी आत्ता तुमच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे. हा कागद आत पाठवून मीही तिच्या शेजारी बसलोय. त्या दिवशी डॉक्टर कुठे होते? एका ओळीत, तुमच्या सहीनं लिहून द्या. काय लिहिताय?