मिस कॉल आला तर

उमरग्याच्या आमच्या ऑफिसात जनावरांच्या डॉक्टरसाठी फोन येतात आणि ते फोन एआय एजंट घेतो. मराठीत बोलतो, गाव विचारतो, जवळचा डॉक्टर शोधून देतो. त्याच्या हाताशी साधनं दिलेली आहेत: नोंद उघडणे, डॉक्टर पाठवणे, नोंद बंद करणे. कुठलं साधन कधी वापरायचं आणि कधी त्याला हात लावायचा नाही, हे त्याला समजेल असं लिहून देणं हे माझं काम.

साधनं बनवणारी पुण्याची मंडळी ‘यानं नोंद बंद होते’ एवढं लिहून मोकळी होतात. केव्हा बंद करायची, कुणाच्या सांगण्यावरून, काही पत्ता नाही. त्यावरून मी त्यांच्याशी भांडायचे. “एजंट काही आपल्या गावात वाढलेला नाही. इथल्या रीती त्याला आपणच सांगायला हव्यात,” असं मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात सुनवायचे. त्याच तोऱ्यात नोंद बंद करण्याच्या साधनाखाली मी एक ओळ लिहिली: डॉक्टर निघाल्यानंतर पशुपालकाचा मिस कॉल आला, तर डॉक्टर पोचले असं समजून नोंद बंद करावी.

आमच्या घरात मिस कॉलचा अर्थ तोच होता. माझे वडील, अण्णा, ट्रक घेऊन हैदराबादला जायचे आणि पोचले की एक मिस कॉल द्यायचे. तो उचलायचा नाही, उचलला तर बोलणी खावी लागत. आमचा मॅनेजर मुकुल ती ओळ वाचून म्हणाला, “अर्पिता, पुण्यातल्या माणसाला हे जन्मात सुचलं नसतं.” त्यानंतर काही दिवस मी हवेतच होते.

परवा मुरुमजवळच्या एका वस्तीवरून कडूबाईंचा फोन आला. म्हैस विताना अडली होती. एजंटनं नोंद घेतली आणि डॉक्टर कृष्णराज निघालेत असं सांगितलं. वाट बघून बघून जीव टांगणीला लागला तेव्हा कडूबाईंनी दोनदा मिस कॉल दिला. कुठवर आलात, उलटा फोन करा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पहिल्याच मिस कॉलला एजंटनं नोंद बंद केली. डॉक्टरांच्या फोनवरून कडूबाईंचं नाव गेलं आणि नळदुर्गकडचं दुसरं काम आलं. दुसरं कुणीतरी तिथं पोचलं असेल असं समजून त्यांनी गाडी वळवली. शेवटी शेजाऱ्यानं कुठूनतरी त्यांचा नंबर मिळवला तेव्हा ते परत आले. म्हैस वाचली. रेडकू मेलेलंच बाहेर निघालं.

एजंट प्रत्येक कामाचं कारण लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं. ‘पशुपालकाचा मिस कॉल आला. सूचनेनुसार डॉक्टर पोचले असं समजून नोंद बंद केली.’ शब्द न् शब्द माझा. त्यानं कामात तसूभरही कुचराई केली नव्हती, आणि मला त्याचाच संताप आला. दोष द्यायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

“नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला म्हणून सांगून टाकू,” मुकुल म्हणाला. “त्यांना काय कळणार आहे?”

“मला कळलंय ना!” मी त्याच्यावर खेकसले. खरं तर त्याच्यावर ओरडायचं मला तोंडच नव्हतं.

ती ओळ मी खोडली. मिस कॉलवरून काहीही गृहीत धरू नये, उलटा फोन करून विचारावं, पशुपालकानं स्वतः सांगितल्याशिवाय नोंद बंद करू नये, असं लिहिलं. कडूबाईंची नोंद पुन्हा उघडली. मग म्हशीला बघायला निघालेल्या डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसले.

कडूबाई गोठ्यातच होत्या. मी ऑफिसातून आलेय म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला.

“माजंच चुकलं बगा, ताई. दोन डाव मिस काल दिला म्या. सारखं सारखं दिलं की माणूस चिडतंय. फोनवरचा तुमचा बाप्या लई चिडला असंल.”

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या आत गेल्या आणि स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. आत नुकताच काढलेला चीक होता. “रेडकू असतं तर त्येनं पिलं असतं. आता कुणाला घालू? घिऊन जावा, लेकराबाळांस्नी खरवस करा.”

डबा हातात आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, कुणी चिडलं नव्हतं,” मी म्हणाले. “फोनवर माणूस नाही, मशीन आहे. मिस कॉल आला की डॉक्टर पोचले असं समज, हे त्याला मी लिहून दिलं होतं. तुमचं रेडकू माझ्यामुळं गेलं.”

डॉक्टर इंजेक्शन भरत होते, त्यांचे हात थांबले. कडूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबाही परत मागितला नाही.

“मग आता मिस काल दिला तर काय करतंय त्ये?” त्यांनी विचारलं.

“उलटा फोन करतं. काय झालं ते विचारतं.”

“बगू,” म्हणत त्यांनी कनवटीचा फोन काढला, एक रिंग देऊन कट केला आणि तळहातावर धरून उभ्या राहिल्या. फोन वाजला. त्या जुन्या फोनमधला आवाज गोठाभर ऐकू येत होता.

“नमस्कार, कडूबाई. डॉक्टर पोचले का?”

“पोचले.”

“म्हैस आता कशी आहे?”

कडूबाईंनी मागं वळून बघितलं. म्हशीनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. ती दाव्याला ओढ देऊन पायाजवळची मोकळी जागा हुंगत होती.

“रेडकू हुडकतीया,” त्या म्हणाल्या.

“समजलं. मी नोंद बंद करू का?”

कडूबाईंनी फोनकडं बघितलं, मग सरळ माझ्याकडं.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “इतक्यात बंद करू नगंस.”

माझ्या हातातला डबा अजून कोमट होता.