काळी एकवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हो, वाजवायची! तुम्ही मला हार्मोनियम म्हणता. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात, संगीताच्या वर्गात माझा मुक्काम आहे. भाता जरा विरला आहे, रंग उडाला आहे, पण सूर अजून पक्के आहेत. म्हातारी झाले म्हणून काय झालं?

एका कारागिरानं सागवानाचं माझं अंग घडवलं आणि पितळेचा एकेक सूर कानाशी धरून जुळवला. गवतात गुंडाळून आगगाडीनं मी इथे आले, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. संस्थानं विलीन होत होती, सीमा बदलत होत्या. आमचा कारभार आज नागपूरकडे, तर उद्या भोपाळकडे. संगीताच्या वर्गात मात्र राज्य एकाच माणसाचं होतं, दिगंबरमास्तरांचं.

मास्तर जीव ओतून शिकवायचे. त्यांच्यामुळे आमचं स्नेहसंमेलन गाजायचं. तापीकाठच्या गावांतून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. एक गाणं मराठी, दुसरं हिंदी, मग कव्वाली, आणि सगळ्यांना साथ माझी. लोकांनी वाहवा केली की मी मनातल्या मनात फुगायची. खोटं कशाला बोलू?

पण मास्तरांची एक रीत होती. खंडेनवमीला आणि संमेलनाच्या दिवशी ते माझी पूजा करत आणि मधल्या सप्तकातल्या काळी एक या पट्टीवर कुंकवाचं बोट लावत. ती त्यांच्या गुरूंची पट्टी. 'हा आपल्या घराचा सा,' असं ते म्हणत. मग काय! मुलगा असो की मुलगी, ज्याला त्याला सा तिथूनच धरावा लागे. दुसरीकडून सुरू करणं म्हणजे गुरूंचा अपमान. तशी कुणाची छाती नव्हती.

दापोऱ्याची विमल त्या वर्गात आली. केळीवाल्या उखर्डूभाऊंची मुलगी. वर्गात कुणी नसलं की ती झाडताना, सतरंजी घालताना गुणगुणायची. काय गोड आवाज तो! खालच्या सप्तकातल्या काळी पाचवर अगदी सहज बसायचा. तीच विमल मास्तरांसमोर त्याहून उंच अशा काळी एकवर गायला लागली की वरच्या सुरांत तिचा आवाज फाटायचा. मला सगळं कळत होतं, पण पेटीला विचारतो कोण?

एका संमेलनात तसंच झालं. आवाज चिरकला, मुलांनी शिट्ट्या मारल्या. उखर्डूभाऊ खाली मान घालून उठले. पुढच्या वर्षी संमेलनाच्या सकाळी ते वर्गात आले आणि मास्तरांसमोरच मुलीला म्हणाले, "मले गाण्यातलं काही समजत नाही, बाई. पण यंदा लोकं हसले तं गाणं बंद. घरी चालायचं."

"हो, दादा," एवढंच विमल म्हणाली. गाणं शिकवून पोट भरायचं, आपल्या पायावर उभं राहायचं, हे तिचं स्वप्न होतं. ती निघून गेल्यावर मास्तरांचेही डोळे भरले. गुरूंनीच तिला तारावं म्हणून त्यांनी कुंकू पातळ कालवलं आणि माझ्या काळी एकवर भरभरून लावलं. ते ओघळलं आणि पट्टीच्या फटीत उतरलं. तिथे आधीच्या पूजांचे थर साचलेलेच होते.

दुपारी मांडवात माणूस मावेना. मागच्या रांगेत उखर्डूभाऊ उपरणं मुठीत धरून बसले होते. पहिलंच नाव विमलचं पुकारलं. मास्तरांनी भाता मारला, कुंकवाच्या पट्टीवर बोट दाबलं आणि काय सांगू! पट्टी खालीच जाईना. कुंकू वाळून ती घट्ट चिकटली होती.

तबल्यावर बसलेला लीलाधर कुजबुजला, "मास्तरजी, अब क्या करें?"

मास्तरांनी पुन्हा पुन्हा पट्टी दाबून पाहिली. मांडवात खसखस पिकली. विमलनं एकदा बापाकडे पाहिलं. मग तिनं वाकून स्वतःच्या बोटानं माझी खालची काळी पाच दाबली.

"मास्तर, मी इथून घेऊ?"

मास्तरांनी कुंकवाच्या पट्टीकडे पाहिलं. पण दुसरा इलाज कुठे होता? त्यांनी मान हलवली. लीलाधरनं हातोडीनं ठोकून तबला लावून घेतला आणि विमलनं भजन सुरू केलं.

मित्रांनो, तो आवाज असा मोकळा निघाला की माझाच जीव भांड्यात पडला! वरचा सा आला. तो फाटला नाही. त्याच्याही वर ती गेली, हसत हसत गेली. शिट्टी मारायला आलेली मुलं मांड्यांवर ताल धरून बसली. भजन संपलं, टाळ्या थांबेनात आणि मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, मी तुला माझ्याच गळ्यानं गायला लावत होतो!"

उखर्डूभाऊ गर्दीतून वाट काढत पुढे आले. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, माही पोर राहू द्या इथंच."

पुढे विमल मुलींच्या शाळेत गाणं शिकवू लागली. रेडिओवरही गायली. कॉलेजात मग कर्णे आले, ऑर्केस्ट्रा आला, विजेवरचं वाद्य आलं आणि माझी रवानगी पायऱ्यांखालच्या खोलीत झाली. धूळ, झुरळं, अंधार. वाटलं, संपलं आपलं. पण विमलबाईच संगीताच्या बाई होऊन या कॉलेजात आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शोधून काढलं, पदरानं पुसलं. सुटकेचा केवढा श्वास भरला माझ्या भात्यात!

आता त्याही थकल्या आहेत. तरी खंडेनवमीला येतात आणि कुंकू लावतात ते माझ्या झाकणावर, पट्टीवर नाही. नवी मुलगी आली की तिला म्हणतात, "आधी पेटीशिवाय गा, बाळ. पेटी मागून येईल."

गाण्यावर पोट भरायचं असेल त्यांनी हे ध्यानात ठेवा. गुरूंच्या पाया जरूर पडा, पण गायला बसलात की सा आपला शोधा. तो माझ्यात कुठेतरी असतोच. तुम्ही फक्त माझ्या पट्ट्या पुसून ठेवा.