वारा बाराला फिरेल

धुकं कधी उठेल हे सांगण्याचा मला पगार मिळतो. आमच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. जे पाणी येतं ते समुद्रावरून धुक्यात बसून येतं आणि वाळवंटाच्या तोंडाशी आम्ही उभारलेल्या जाळ्यांवरून थेंबाथेंबाने खाली उतरतं. ते मोजायचं, वारा मोजायचा, वहीत लिहायचं, हे माझं काम.

गावाबाहेरच्या धावपट्टीवर पॅराशूट क्लब आहे. तिथले मुख्य शिक्षक गॉटहार्डकाका दर शनिवारी सकाळी सहाला मला फोन करतात.

"धुकेबाई, आज किती वाजता?"

"नऊ चाळीस."

मग ते नऊ पस्तीसला विमानाचं इंजिन चालू करतात. दोन वर्षांत माझा अंदाज दहा मिनिटांपेक्षा जास्त चुकला नव्हता. याचा मला थोडा गर्व होता. बोलून दाखवत नसे, पण होता.

एका शनिवारी ते म्हणाले, "जमिनीवर उभं राहून आकाशाचं सांगणं सोपं आहे हो. एकदा वर येऊन सांगा."

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

अडचण एकच होती, एल्फ्रीडाआत्या. आमच्या हेरेरो जमातीत बापाची बहीण एकदा नाही म्हणाली की विषय संपला. ती नाही म्हणाली म्हणून माझ्या भावाने मोटारसायकल परत केली. ती नाही म्हणाली म्हणून माझ्या वडिलांनी, वयाच्या साठाव्या वर्षी, नव्याने ठेवलेल्या मिशा काढल्या. मी चौतीस वर्षांची, पदार्थविज्ञान शिकलेली, तिच्याच घरात राहते. तिचं 'नाही' मी आजवर ओलांडलेलं नाही आणि ओलांडायची इच्छाही नाही. म्हणून मी ठरवलं, की तिला नाही म्हणायची संधीच मिळता कामा नये. निदान एक उडी होईपर्यंत. झालेल्या उडीला कुणी नाही म्हणू शकत नाही. तर्काच्या दृष्टीने यात मला काही खोट दिसली नाही.

खोट शिवणात निघाली. आत्या आमच्या बायकांचे मोठे झगे शिवते. एका झग्याला दहा मीटर कापड, आत सहा परकर, आणि डोक्यावर त्याच कापडाचा, गाईच्या शिंगांसारखा दोन्ही बाजूंना निघालेला फेटा. गावात मजबूत शिवण घालणारी तीच एक, त्यामुळे क्लबचे उडीचे पोशाखही तीच शिवते. गॉटहार्डकाकांनी माझी मापं घेतली आणि चिठ्ठी माझ्याच हाती आत्याकडे पाठवली. नाव घातलं नव्हतं.

आत्याने चष्मा नाकावर ओढून चिठ्ठी वाचली.

"कोण गं ही बाई?"

"कुणी नवीन आहे. मला माहीत नाही."

"डावा खांदा उजव्यापेक्षा एक सेंटिमीटर खाली." तिने माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नसावं, असं आता वाटतं. "बिचारी. लहानपणी एकाच खांद्यावर दप्तर घेत असणार. कुणी सांगितलं नसेल तिला."

"नसेल," मी म्हणाले. सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं.

"गुडघ्यांवर दुहेरी कापड घालते. नवीन आहे म्हणतेस तर पडेलच."

शिकवणी दोन शनिवार-रविवार चालली. उडी मारण्यापेक्षा जमिनीवर पडण्याचाच अभ्यास जास्त होता. तीन फुटांच्या ओट्यावरून वाळूत उडी घ्यायची, दोन्ही पाय जुळलेले, गुडघे जुळलेले, आणि एका कुशीवर लवंडायचं. पाय फाकले की घोटा मोडतो. माझ्याबरोबर पेन्डा नावाचा मासळीच्या कारखान्यातला मुकादम शिकत होता. माणूस दारातून आडवाच मावेल असा. तो दर वेळी बेडकासारखा पडे.

"अरे, गुडघे," गॉटहार्डकाका म्हणत. "गुडघे एकमेकांना ओळखत नाहीत का तुझे?"

"ओळखतात, काका. पण बोलणं बंद आहे."

माझे गुडघे पहिल्याच उडीला चिकटलेले होते. काकांनी मला परत उडी मारायला लावली, मग परत. शेवटी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मी सव्वीस वर्षं शिकवतोय. असे पाय मी बघितले नाहीत. कुठे शिकलात?"

मी पोशाखावरची वाळू झटकली. तीस वर्षं एक बाई मला उठता-बसता सांगत आली होती, उनो, गुडघे जवळ, आपण काय शेळ्या राखतो का? तिने शिकवलेलं असं कुठे कामाला येईल याची तिला कल्पना नव्हती, असं मी समजत होते.

"ताई, पहिल्यांदाच एवढं नीट जमतंय तुम्हाला," पेन्डा म्हणाला, आणि सगळ्या क्लबने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिथला जुना रिवाज आहे, जो काही पहिल्यांदा करेल त्याने, किंवा नुसता 'पहिल्यांदा' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानेही, सगळ्यांसाठी बिअरचा एक क्रेट आणायचा. पेन्डाचे तोवर तीन झाले होते.

उडीच्या दिवशी सकाळी आत्या जांभळा झगा घालून चहाला बसली होती. तो झगा ती लग्नालाच घालते.

"हिल्डाकडे जाऊन येते," ती म्हणाली. हिल्डा तिची शेजारीण आणि सगळ्या गोष्टींतली साथीदार. "तिच्या नातीला बाळ झालंय. वारा कसा आहे गं आज? छत्री उलटी नको व्हायला."

"सकाळी जमिनीकडून, अगदी हलका. वारा बाराला फिरेल. मग समुद्रावरून जोरात येईल."

"बाराला. नक्की?"

"आत्या, दोन वर्षांत चुकले नाहीये मी."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली आणि बशीतला चहा संपवला.

त्या अंदाजावर क्लबने सगळी आखणी केली. सकाळचा वारा ईशान्येकडून येतो, म्हणून विमानाने आम्हाला धावपट्टीच्या ईशान्येला सोडायचं, म्हणजे वारा आपोआप मैदानावर आणून टाकेल. सव्वाअकराला पेन्डा तसाच आला, अगदी मैदानाच्या मधोमध, बेडकासारखा. उठून त्याने दोन्ही हात वर केले आणि मग पाठ चोळली.

मी अकरा पस्तीसला विमानात बसले. विमान म्हणजे पत्र्याचा डबा, एका बाजूला दार नाही. क्लबची दुसरी शिक्षिका मार्टा माझ्यामागे बसली होती. माझ्या पाठीवरच्या पॅराशूटचा पट्टा तिने विमानाला अडकवून दाखवला आणि मला तो ओढून बघायला लावला. मी खाली पडले की तोच पट्टा पॅराशूट उघडणार. मला फक्त सोडायचं होतं.

साडेतीन हजार फुटांवर तिने बोट दाखवलं. मी पायरीवर पाय ठेवला, पंखाखालचा दांडा धरला आणि लोंबकळले. माझ्या नाडीचे ठोके मी मोजायला घेतले होते, ते आकडे हरवले.

"सोड," मार्टा म्हणाली.

माझ्या मेंदूने आदेश दिला. बोटांनी ऐकलं नाही. मार्टा वाकली आणि माझ्या कानाजवळ म्हणाली, "परत उतरायचं तर विमानात बसूनही उतरता येतं. पण पेन्डा जन्मभर सांगेल."

बोटांनी ऐकलं.

पुढच्या तीन सेकंदांबद्दल माझ्याकडे काहीही नोंद नाही. मग खांद्यांना हिसका बसला आणि एकदम शांत झालं. वर पाहिलं. निळं-पिवळं कापड, चौकोनी, दोऱ्या सरळ. हातात सुकाणूच्या दोन कड्या घेतल्या. डावी ओढली, डावीकडे वळले. उजवी ओढली, उजवीकडे वळले. मी हसत होते असं मला ऐकू आलं.

मग समुद्र दिसला आणि माझं हसू थांबलं. धुक्याची पांढरी कड, जी बारापर्यंत क्षितिजावर राहायला हवी होती, ती किनाऱ्याला टेकली होती.

हेल्मेटमधला रेडिओ खरखरला. "धुकेबाई," गॉटहार्डकाका सावकाश म्हणाले, "इथे खाली झेंडा आत्ता फिरला. किती वाजलेत, सांगू का?"

सांगायची गरज नव्हती. अकरा सत्तेचाळीस. तेरा मिनिटांनी मी चुकले होते.

"समुद्राकडे तोंड करा आणि तशाच राहा."

मी तोंड केलं. पॅराशूट ताशी तीस किलोमीटरने पुढे जातं, वारा ताशी तीसने समोरून येत होता. वजाबाकी शून्य. धावपट्टी समोर होती, जवळ येत नव्हती. मी मालाच्या लिफ्टसारखी सरळ खाली उतरत होते, क्लबच्या कुंपणाबाहेर, पलीकडच्या रस्त्याकडेला, जिथे कधी कुणी नसतं.

आज होतं. आठशे फुटांवरून मला रस्त्याच्या कडेला दोन ठिपके दिसले. एक हिरवा, एक जांभळा. दोन्हींवर दोन-दोन शिंगं होती. दोघी घडीच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, मध्ये थर्मास. हिल्डाच्या हातात तिच्या नवऱ्याची दुर्बीण होती आणि ती धावपट्टीच्या मैदानाकडे रोखलेली होती. साहजिकच. मी तिकडेच उतरणार होते.

विमानाच्या पायरीवर वाटली नव्हती तेवढी भीती मला आता वाटली. आत्याने मला पाहिलं की ती नाही म्हणणार. म्हणावंच लागेल तिला. आणि मग ही उडी पहिली आणि शेवटची. चार मिनिटांपूर्वी मला ते चाललं असतं. आता मला तेवढं एकच चालणार नव्हतं.

अजून एक मार्ग होता. मागे वळायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि त्यांच्या डोक्यावरून पार वाळवंटात निघून जायचं. मी उजवी कडी थोडी ओढली.

"इतक्या खाली आल्यावर वळायचं नाही," रेडिओ म्हणाला. "दोनशे फुटांवर वाऱ्याबरोबर पळालात तर साठच्या वेगाने आपटाल. काय आहे मागे? साप आहे का?"

साप असता तर मी त्याच्या अंगावर उतरले असते. कडी सोडली. वारा आणखी वाढला आणि मी हळूहळू उलटी, पाठमोरी, आत्याच्या दिशेने सरकू लागले. मागून हिल्डाचा आवाज आला, "एल्फ्रीडा, मैदानावर कुणीच नाहीये गं."

"वर बघ," आत्या म्हणाली. "गुडघे बघ. कसे जुळलेत."

पाय जुळलेले, गुडघे जुळलेले, मी वाळूत एका कुशीवर लवंडले. कुठेही लागलं नाही. पॅराशूट माझ्या डोक्यावरून मागे गेलं, फुगलं, आणि मला ओढायच्या तयारीत असतानाच थांबलं. मी वळून पाहिलं. निळ्या-पिवळ्या कापडाखाली दोन खुर्च्या, दोन बायका आणि चार शिंगांचे उंचवटे होते. एवढं वजन कुठलाही वारा ओढू शकला नसता.

मी उठून उभी राहिले. कापड हललं नाही.

"आत्या," मी म्हणाले.

"कोण आहे?" कापड म्हणालं. "मला काही दिसत नाहीये."

"आत्या, मी..."

"बाई, तू कुणीही अस. मी हिल्डाच्या पणतवंडाला बघायला गेलेय. मला जर इथे कुणी दिसलं, आणि ते माझ्या ओळखीचं निघालं, तर मला त्याला काहीतरी म्हणावं लागेल. आणि मला काही म्हणायचं नाहीये." मग ती म्हणाली, "लागलं का कुठे?"

"नाही."

"गुडघ्याचं कापड फाटलं?"

"नाही."

"मग झालं."

कापडाखालून हिल्डाच्या हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी तिला कोपर मारल्याचाही.

तेवढ्यात गॉटहार्डकाकांची गाडी धूळ उडवत आली. मागे पेन्डा उभा होता. काकांनी मला पाहिलं, चार शिंगांकडे पाहिलं, आणि टोपी काढली. कुणासमोर काढायची ते न कळल्यामुळे ती छातीशी धरली.

"कुंपणाबाहेर उतरलात आणि अंदाजही चुकला," ते मला म्हणाले. "दोन्ही याआधी कधी झालं नव्हतं. उडीचा धरून तीन क्रेट."

"गॉटहार्ड," कापड म्हणालं, "जी इथे उतरलीच नाही तिने क्रेट कसले द्यायचे?"

काका विचारात पडले. "बरोबर आहे, ताई."

"तिला गाडीत बसव. तोंड समुद्राकडे करून. ते सामान इथेच राहू दे, नंतर येऊन घेऊन जा. कापड चांगलं आहे. मीटरला काय पडतं?"

मी पट्टे सोडले आणि समुद्राकडे तोंड करून गाडीत बसले. पेन्डा काही बोलणार होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला, जे त्याला फारसं जमत नाही.

तासाभराने ते पॅराशूट आणायला गेले तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणी नव्हतं. पॅराशूट दगडाखाली ठेवलेलं होतं, इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथसारखं घडी घालून, दोऱ्यांची वेणी घातलेली. नियमाप्रमाणे ते सगळं उलगडून पुन्हा बांधावं लागलं, पण त्याआधी सगळा क्लब येऊन बघून गेला. "अशी घडी मी पहिल्यांदाच बघतोय," गॉटहार्डकाका म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली. क्रेट त्यांनीच आणला.

घरी आत्याने मला बाळ कुणासारखं दिसतं ते सविस्तर सांगितलं. मी तिला जाळ्यांवर किती पाणी जमलं ते सांगितलं. दोघींनीही एकमेकींना बरेच प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरं मिळाली.

पुढच्या शनिवारी सहाला फोन वाजला. काकांना वेळ सांगून मी चहाला आले तेव्हा आत्या हिरवा झगा घालून बसली होती. दाराशी घडीच्या दोन खुर्च्या होत्या.

"हिल्डाकडे?" मी विचारलं.

"बाळ झपाट्याने वाढतंय. बघायला नको?" तिने बशीत चहा ओतला. "वारा कधी फिरेल गं आज?"

"बाराला."

"म्हणजे पावणेबाराला," आत्या म्हणाली आणि खुंटीवरची छत्री काढून हिल्डाच्या खुर्चीवर ठेवली.